शस्त्रानंतरचा लेप

गेल्या उन्हाळ्यांत आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. दुपारची वेळ, आणि कोल्हापूरचें वैशाखांतील ऊन. गृहस्थ ओसरीवर येऊन बसला, पन्हें घेतलें, अर्धा तास बोलत राहिला. पण डोक्यावरची टोपी कांहीं उतरीना. शेवटीं आमच्या घरांतून विचारणा झालीच, "अरे, घरांत टोपी कशाला? उकडत नाहीं का?" तेव्हां त्यानें ती काढली. कपाळावर केसांची एक दाट, रेखीव पट्टी होती आणि तिच्या मागें टाळूपर्यंत मोकळा माळ. उजाड टेकडीच्या पायथ्याशीं कोणी हौसेनें मेंदीचें कुंपण लावावें आणि टेकडी तशीच उघडी ठेवावी, तसें तें दिसत होतें.

तीन वर्षांपूर्वीं, लग्नाच्या खटपटी चालू असतां, त्यानें परगांवीं एके ठिकाणीं केशरोपण करवून घेतलें होतें. वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतील एक मोठा हिस्सा त्यांत गेला. शस्त्रक्रियेनंतर त्याच्या हातीं एक बाटली देण्यांत आली व तींतील औषध दिवसांतून दोनदां लावावयास सांगितलें. किती दिवस, हें कोणी सांगितलें नाहीं. किंवा सांगितलें तें त्यास ऐकूं आलें नाहीं. दोन्ही शक्य आहे. लग्न होईपर्यंत त्यानें तें नेमानें लावलें व नंतर सोडून दिलें. "सर, नवे केस पक्के आहेत, ते गळायचे नाहींत, असं त्यांनीं सांगितलं होतं. मग औषध लावायचं तें कुणासाठीं?" हा त्याचा प्रश्न.

आम्ही इतिहासाचे शिक्षक, वैद्य नव्हे. तरी प्रश्न मनांत घर करून राहिला, आणि सवयीप्रमाणें आम्ही तो जुन्या पुस्तकांस विचारूं लागलों. शस्त्रानंतरच्या लेपाची कथा मोठी लांबची निघाली. आणि तींतील एक प्रकरण तर आपल्या पुण्याच्या परिसरांत घडलेलें निघालें.

परंतु आधीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. टक्कल पुरातन आहे. टकलाचें दुःख त्या मानानें नवें आहे. आमच्या महाविद्यालयाच्या एका दालनांत जुनीं सामुदायिक छायाचित्रें टांगलेलीं आहेत. शंभर वर्षांपूर्वींच्या चित्रांत एकही डोकें उघडें नाहीं. पागोटीं, रुमाल, फेटे, काळ्या टोप्या! शाहू छत्रपतींचें (१८७४–१९२२) कोल्हापूर हें फेट्याचें कोल्हापूर होतें. त्याच्याही मागच्या पिढीच्या पागोट्याखालीं पाहावें तर डोकें बहुधा भादरलेलेंच असे. शेंडी आणि तिच्याभोंवतालचा घेरा तेवढा राही. ज्याच्या टाळूवरून दर पंधरवड्यास वस्तरा फिरतो, त्याच्या टाळूवर मुळांत केस उगवत होते कीं नव्हते, याची चौकशी न्हाव्यावांचून करणार कोण? खासबागच्या मैदानांत उतरणाऱ्या मल्लाच्याही डोक्याकडे कोणी त्या दृष्टीनें पाहत नसे. पाहावयाची ती त्याची मान.

केसांची खरी शोकांतिका त्या काळीं दुसऱ्याच डोक्यांवर चालू होती. पति वारला कीं स्त्रीचे केस सक्तीनें उतरविले जात. १८९० सालीं मुंबईच्या न्हाव्यांनीं हें काम यापुढें करावयाचें नाहीं असा निश्चय केला, तो त्या व्यवसायाच्या इतिहासांतील मोठा दिवस होय. पुरुषाच्या गळत्या केसांची हळहळ त्यानंतर सावकाश आली. मागील शतकाच्या तिसऱ्या-चवथ्या दशकांत शहरांतील शिकलेले तरुण बोडक्या डोक्यानें हिंडूं लागले. १९२९ सालीं याच कोल्हापुरांत प्रभात फिल्म कंपनी निघाली, १९३३ सालीं ती पुण्यास गेली. पडद्यावर नटाचें कपाळ प्रेक्षकास हातभर अंतरावरून दिसूं लागलें. मासिकांच्या पानांवर मुंबईचें कामिनिया, कलकत्त्याचें जवाकुसुम अशा तेलांच्या जाहिराती आल्या. घरोघरीं आजीच्या लोखंडी कढईंत माका, ब्राह्मी, आवळा उकळत असेच. त्या तेलानें डोकें थंड होई, झोंप चांगली लागे. गेलेला केस परत आल्याचें मात्र आम्हीं आमच्या घराण्यांत तरी पाहिलें नाहीं.

आतां शस्त्र आणि लेप यांच्या जोडीकडे वळूं. सुश्रुतसंहितेंत इंद्रलुप्त नांवाचा विकार सांगितला आहे. वातासह पित्त रोमकूपांत शिरून केस पाडतें, आणि मग रक्तासह कफ त्या कूपांचीं तोंडें बंद करून टाकतो, म्हणून दुसरे केस येत नाहींत, अशी त्याची उपपत्ति आहे. दोषांची ही भाषा आजच्या वैद्यकाची नव्हे. पण केस पडणें ही एक गोष्ट आणि केसाचें घर मिटणें ही दुसरी, हा भेद ज्यानें केला त्याची नजर तीक्ष्ण होती यांत शंका नाहीं. चिकित्सेंत मिरीं, मनशीळ, हिराकस, मोरचूद यांचा लेप येतो. आणि दुसरा एक उपाय असा, कीं डोक्याच्या त्वचेवर शस्त्रानें खोल फासण्या टाकाव्या आणि तेथें गुंजांचा लेप वारंवार देत राहावें. (गुंज विषारी आहे, कोणी उत्साही वाचकानें स्वयंपाकघरांत प्रयोग मांडूं नये.) शस्त्रानें वाट करावयाची आणि लेपानें आंत शिरावयाचें, हा येथला विचार, आणि 'वारंवार' हा शब्द आमच्या विद्यार्थ्याच्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत छापावयास हरकत नव्हती.

पुढचें प्रकरण पुण्याचें. कावसजी नांवाचा एक गाडीवान १७९२ च्या लढाईंत इंग्रज फौजेबरोबर होता. तो टिपूच्या लोकांच्या हातीं सांपडला, आणि त्यांनीं त्याचें नाक व एक हात कापून त्यास सोडून दिलें. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसानें त्यास नवें नाक बसवून दिलें. हा शस्त्रवैद्य विटा पाडणाऱ्या जातीचा होता. त्याचें नांव कोणी लिहून ठेवलें नाहीं. पाहणाऱ्या इंग्रज डॉक्टरांचीं नांवें छापलीं गेलीं, रुग्णाचें चित्र जेम्स वेल्स या चित्रकारानें काढलें, हकीकत १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्यें आली. ज्याच्या हातानें हें सगळें घडलें तो तेवढा निनांवी राहिला. आपल्या इतिहासाची ही जुनी खोड आहे. असो.

त्याची रीत अशी होती. मेणाचा एक पातळ पत्रा उरलेल्या नाकावर बसवून त्यास नाकाचा आकार द्यावयाचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा व त्याच्या कडेनें रेघ ओढावयाची. त्या रेघेबरहुकूम कपाळाचें कातडें सोडवावयाचें, पण दोन डोळ्यांमध्यें एक अरुंद पट्टी जोडलेलीच राखावयाची, म्हणजे तिच्यांतून रक्त वाहत राहतें. मग तें कातडें फिरवून खालीं आणावयाचें आणि नाकाच्या जागीं बसवावयाचें. आतां आमच्या विषयाचा भाग. सांध्यावर कात, म्हणजे आपण विड्यांत घालतों तोच, पाण्यांत कालवून, चिंध्यांना लावून, त्या चिंध्या पांच-सहा थरांनीं बसविल्या. चार दिवस त्यावांचून दुसरें कांहींएक लावलें नाहीं. चार दिवसांनंतर कात काढला आणि तुपांत भिजविलेल्या चिंध्या ठेवल्या. सुमारें पंचविसाव्या दिवशीं डोळ्यांमधली ती पट्टी तोडली.

पहिले चार दिवस आवळून धरणारा कात, तुरट व कोरडा. तुपाची पाळी त्यानंतर. तूप आधीं लावतां तर सांधा निसटता. त्या निनांवी कारागिराला जीवाणु ठाऊक नव्हते, पण लेपालाही काळवेळ असते हें तो पक्कें जाणून होता. शिवाय या शस्त्रक्रियेंत आणखी एक गोष्ट लपलेली आहे. कपाळाच्या कातड्याबरोबर वरचा केसाळ भाग खालीं आला, तर नव्या नाकावर केस उगवत राहतात. नाकावर बसलें म्हणून तें कातडें आपलें मूळचें शील सोडीत नाहीं. डोक्याचे केस भुवईवर लावले तर तेही तसेच लांब वाढत जातात आणि दर थोड्या दिवसांनीं कात्रीनें कापावे लागतात.

याच स्वभावावर आजचें केशरोपण उभें आहे. जपानांत ओकुडा नांवाच्या डॉक्टरांनीं १९३९ सालीं, भाजल्यानें वगैरे केस गेलेल्या जागीं केसाळ त्वचेचे लहान वर्तुळाकार तुकडे लावण्याची रीत प्रसिद्ध केली. पण महायुद्धाच्या गदारोळांत ती पाश्चात्य जगाच्या कानीं पडली नाहीं. १९४२ सालीं अमेरिकेंत हॅमिल्टन यांनीं दाखविलें कीं वयांत येण्यापूर्वींच वृषण गेलेल्या पुरुषांस टक्कल पडत नाहीं, आणि पौरुषाचा स्राव बाहेरून दिला तर ज्यांच्या घराण्यांत टक्कल आहे त्यांस तें पडूं लागतें. म्हणजे दोष रक्तांतल्या द्रव्याचा एकट्याचा नव्हे. टाळूवरच्या मुळांना तें द्रव्य सोसत नाहीं, पाठीमागच्या मुळांना सोसतें. पुढें न्यूयॉर्कमध्यें ओरेंट्राइक यांनीं १९५२ पासून मानेकडचे केस पुढें लावून पाहिले व १९५९ सालीं तो निष्कर्ष जगापुढें मांडला: लावलेला केस जेथून आला तेथल्या प्रकृतीनें जगतो, जेथें गेला तेथल्या प्रकृतीनें नव्हे. त्या वेळचे तुकडे जाड असत आणि डोकें बाहुलीच्या डोक्यासारखें दिसे. एकेक नैसर्गिक पुंजका सुटा करून लावण्याची आजची कला गेल्या शतकाच्या अखेरीस आली.

तर आमच्या विद्यार्थ्यास जें सांगितलें तें खोटें नव्हतें. नवे केस पक्केच होते. औषध त्यांच्यासाठीं नव्हतेंच. तें त्यांच्या शेजाऱ्यांसाठीं होतें. सव्विसाव्या वर्षीं कपाळ मागें सरूं लागलेल्या माणसाच्या टाळूवर जे मूळचे केस अजून उभे असतात, त्यांची प्रकृति शस्त्रक्रियेनें तिळमात्र बदलत नाहीं. पंचगंगेकाठचा कोणताही शेतकरी हें सांगूं शकेल: रोगट मळ्याच्या बांधाला चिवट जातीचीं रोपें आणून लावलीं तर तीं जगतील, पण त्यानें मधल्या पिकाचा रोग जात नाहीं. तीन वर्षांत मधलें पीक गेलें, आणि बांध तेवढा हिरवा राहिला.

त्या बाटलींतील औषधाचाही इतिहास गमतीचा आहे. मिनॉक्सिडिल हें मुळांत रक्तदाबाचें औषध. अमेरिकेंतील अपजॉन कंपनीनें तें गोळीच्या रूपानें १९७९ सालीं बाजारांत आणलें. गोळी घेणाऱ्यांच्या गालांवर, हातांवर, कपाळावर केस वाढूं लागले. रोग्यांनीं, विशेषतः स्त्रियांनीं, तक्रार केली, आणि ती तक्रारच कंपनीचें भांडवल झाली! १९८८ मध्यें शेंकडा दोन प्रमाणाचा द्राव डोक्याला लावण्यासाठीं तेथें मान्य झाला. १९९६ पासून तो चिठ्ठीवांचून मिळूं लागला. हा द्राव केसाच्या वाढीचा काळ लांबवितो आणि बारीक होत चाललेल्या केसास पुन्हां कांहींसा जाड करितो. मिटून गेलेलें घर तो उघडीत नाहीं. परिणाम दिसावयास चार-सहा महिने लागतात, आणि लावणें सोडलें कीं सुमारें तीन-चार महिन्यांत कमावलेलें सर्व परत जातें. देवापुढच्या नंदादीपासारखें हें तेल आहे. कालचें घातलेलें आज उपयोगी पडत नाहीं.

शस्त्रक्रियेनंतर तें केव्हां सुरू करावें याविषयीं शस्त्रवैद्यांत एकवाक्यता नाहीं. बहुतेक जण शस्त्रक्रियेच्या कांहीं दिवस आधीं तें थांबवितात व नंतर खपल्या पडून जखमा वाळेपर्यंत, म्हणजे आठवडा-दोन आठवडे, लावूं देत नाहींत. त्या द्रावांतील स्पिरिट व इतर द्रव्यें ताज्या त्वचेस झोंबतात. आम्हांस येथें पुण्याचा कारागीर आठवतो: आधीं कात, मग तूप. त्यानंतरच्या काळाची कल्पना रोग्यास असेल तर निम्मी चिंता वांचेल. लावलेले केस दोन ते सहा आठवड्यांत बहुतेक गळून पडतात. मुळें आंत शाबूत असतात. तिसऱ्या-चवथ्या महिन्यांत नवा केस डोकावतो आणि पुरें रूप यावयास वर्ष लागतें. या मधल्या उजाड काळांत घरोघरीं घबराट होते व मग कोणी कांद्याचा रस सांगतो, कोणी आणखी कांहीं.

शस्त्र व लेप यांच्या जोडीचें एक अगदीं अलीकडचें प्रकरण मुंबईचें आहे. शीव येथील लोकमान्य टिळक वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचारोगाच्या डॉक्टर रचिता धुरत व त्यांचे सहकारी यांनीं २०१३ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. टक्कल पडूं लागलेल्या शंभर पुरुषांचे त्यांनीं दोन गट केले. दोहोंस मिनॉक्सिडिलचा शेंकडा पांचाचा द्राव दिवसांतून दोनदां. पण एका गटाच्या डोक्यावर आठवड्यास एकदां बारीक सुयांची फिरकीही फिरविली. बारा आठवड्यांनीं ठराविक मापाच्या जागेंतील केसांची वाढ मोजली, ती नुसत्या द्रावाच्या गटांत सरासरी २२ आणि सुयांच्या गटांत ९१ भरली. सुश्रुताच्या फासण्या आठवल्यावांचून आम्हांस तें वाचतां आलें नाहीं. अर्थात् साम्य पाहून 'आमच्याकडे सर्व होतेंच' अशी टाळी पिटण्यांत अर्थ नाहीं. प्राचीनांनीं दोन गट केले नव्हते, केस मोजले नव्हते. गुंज आणि मिनॉक्सिडिल यांत तर कसलेंच नातें नाहीं. शिवाय हा प्रयोग केशरोपण केलेल्यांवर नव्हता. ताज्या लावलेल्या मुळांवर सुया फिरविणें म्हणजे पेरलेलें उकरून पाहणें होय.

बाजाराविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे. केशरोपणाचीं दुकानें आतां जिल्ह्याच्या ठिकाणींही झालीं आहेत, आणि 'एकदांच खर्च, जन्माची निश्चिंती' हा त्यांच्या बोलण्याचा सूर असतो. २०१९ च्या मार्चांत मुंबईंत एका त्रेचाळीस वर्षांच्या गृहस्थाचा एकाच बैठकींत हजारों केस लावून घेतल्यावर दोन दिवसांत मृत्यु झाला. २०२२ सालीं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगास स्पष्ट लिहावें लागलें कीं ही शस्त्रक्रिया शिकलेल्या वैद्यकीय माणसानेंच करावी, चित्रफिती पाहून ती शिकतां येत नाहीं. असें लिहावें लागलें यावरूनच परिस्थिति कळते. आणि प्रत्येक गळती एकाच जातीची नसते हेंही ध्यानांत असावें. २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यांत शेगांव तालुक्याच्या गांवांमधून लहानथोरांचे केस अवघ्या तीन-चार दिवसांत झडले, तेव्हां डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनीं रेशनच्या गव्हांतील सेलेनियमकडे बोट दाखविलें. त्या गळतीस ना शस्त्र कामाचें, ना ही बाटली.

विद्यार्थ्याला आम्हीं हें सगळें एका पत्रांत लिहून कळविलें आणि येथल्याच एका त्वचावैद्यांकडे जावयास सांगितलें. पुन्हां शस्त्रक्रिया करावी असें त्याच्या मनांत होतें. वैद्यांनीं सांगितलें कीं मानेकडचा सांठा ठरीव आहे, एकदां उपसला तेथें दुसरें पीक येत नाहीं. आधीं वर्षभर औषध लावून उरलेलें किती टिकतें तें पाहूं, मग शस्त्राचा विचार. तसें त्यानें सुरू केलें. पहिल्या महिन्यांत उरलेलेही केस अधिकच झडूं लागले. औषधाचा हा आरंभींचा गुण वैद्यांनीं आधींच सांगितला होता म्हणून बरें. एरवीं त्याच्या आईनें बाटली उकिरड्यावर टाकली असती. "आधीं वडिलांचे पैसे खाल्ले, आतां डोकंही खातंय," असें त्या म्हणाल्याचें तो सांगत होता.

श्रावणांत तो सपत्नीक आला. पावसाची झड होती. टोपी ओली झाली म्हणून त्यानें ती दारांतच काढून खुंटीस लावली व मग ती तेथेंच राहिली. केस फारसे वाढलेले आम्हांस दिसले नाहींत. गळावयाचे थांबले आहेत, असें त्याचें म्हणणें. एक मिलिलिटर सकाळीं, एक रात्रीं, म्हणजे साठ मिलिलिटरची बाटली बरोबर महिनाभर पुरते, आणि हा खर्च किराण्याच्या यादींत कायमचा मांडला आहे, असें त्याच्या पत्नीनें हंसत सांगितलें. त्यांच्या घरीं मांजर आहे. हें औषध मांजराच्या पोटांत थोडें जरी गेलें तरी जिवावर बेततें, हें तिनें कोठेंतरी वाचलें होतें. म्हणून बाटली आतां कपाटांत कुलपाखालीं असते, आणि औषध लावल्यावर वाळेपर्यंत त्यानें उशीवर डोकें ठेवावयाचें नाहीं, मांजरालाही जवळ घ्यावयाचें नाहीं, असा घरांत नियम झाला आहे.